उणे तीसमध्ये सेल्फ मारताना

विनिपेगमध्ये हिवाळा जवळ आला की गाड्यांच्या नाकातून प्लग लावलेली एक काळी वायर बाहेर लोंबू लागते. नवा आलेला माणूस हमखास विचारतो, इथे इतक्या गाड्या विजेवर चालतात? ती ब्लॉक हीटरची वायर असते. पार्किंगमधल्या खांबावरच्या सॉकेटमध्ये ती खोचून ठेवली की रात्रभर इंजिन थोडं उबदार राहतं. बॅटरीला मात्र त्यातलं फारसं काही मिळत नाही. जानेवारीत पारा उणे तीसच्या खाली जातो तेव्हा ती बॉनेटखाली तशीच गारठत पडलेली असते आणि सकाळी सात वाजता तिने एका दमात सेल्फ फिरवावा अशी आपली अपेक्षा असते.

बॅटरीच्या पोटात सहा सेल, त्यांत शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड. वीज निर्माण होते ती या दोघांमधल्या रासायनिक क्रियेतून, आणि थंडीत ही क्रिया मंदावते. ढोबळ हिशेब असा की शून्य अंशाला बॅटरीची साधारण एक तृतीयांश ताकद जाते, उणे अठराला निम्म्याहून जास्त. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, त्यामुळे ते फिरवायला करंटही एरवीपेक्षा कितीतरी जास्त लागतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा आटलेला, अशा दुहेरी कात्रीत बॅटरी सापडते.

पण बॅटरी मरते ती थंडीने नव्हे. तिला खरं मारतं ते ऊन. बॉनेटखालच्या उष्णतेने आतलं पाणी उडतं, प्लेटांच्या जाळ्या गंजतात. नागपुरात हे लवकर होतं, इथे सावकाश. तरी विनिपेगचा उन्हाळाही तिशी गाठतो, आणि तेव्हा झालेलं नुकसान कुणाच्या लक्षात येत नाही, कारण अशक्त बॅटरीसुद्धा जुलैत गाडी सहज सुरू करते. थंडी फक्त तिचा निकाल जाहीर करते.

पुण्यात बॅटरीच्या दुकानात गेलं की बोलणं होतं ते एएचवर, म्हणजे अ‍ॅम्पिअर-अवरवर. पस्तीस एएच हवी की पंचेचाळीस, आणि वॉरंटी किती महिन्यांची. इथे एएच कुणी काढत नाही. इथला आकडा सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग अ‍ॅम्प्स. पूर्ण चार्ज असलेली नवी बॅटरी उणे १८ अंश सेल्सियसला ३० सेकंद सलग किती अ‍ॅम्पिअर देऊ शकते, आणि तरीही तिचा व्होल्टेज ७.२च्या खाली जात नाही, त्याचं हे माप. उणे १८ म्हणजे शून्य फॅरनहाइट. हे माप अमेरिकन वाहन उद्योगाचं असल्यामुळे आकडा असा वाकडा दिसतो. लेबलवर कधी कधी याच्या शेजारी नुसतं ‘सीए’ लिहिलेलं असतं आणि तो आकडा मोठा, ठसठशीत छापलेला असतो. ते माप शून्य सेल्सियसचं. साहजिकच तो आकडा सीसीएपेक्षा बराच मोठा येतो आणि गडबडीतल्या गिऱ्हाइकाला भारी वाटतो. थंड प्रदेशात त्याकडे बघूच नये.

मी ज्या गॅरेजमध्ये जातो ते एका पंजाबी गृहस्थांचं आहे. हिवाळा सुरू झाला की त्यांच्याकडे बॅटरी तपासून घेणाऱ्यांची रीघ लागते, आणि त्यांचं काम बघत उभं राहण्यासारखं असतं. आलेल्या माणसाला वाटतं, मशिनचे चिमटे लावले की झालं. हे आधी हेडलाइट मिनिटभर लावायला सांगतात. गाडी नुकतीच चालवून आणलेली असली की प्लेटांवर वरवरचा चार्ज साठलेला असतो, तो उतरवल्याशिवाय मीटर खोटं बोलतं. मग व्होल्टेज. १२.६च्या पुढे असेल तर भरलेली, १२.२च्या आसपास असेल तर निम्मी उतरलेली. निम्म्या उतरलेल्या बॅटरीवर ते निकाल देतच नाहीत. “वीरजी, पहले चार्ज, फिर टेस्ट,” म्हणतात आणि बॅटरी आत नेऊन चार्जरला लावतात. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक न करणारी दुकानं नव्या बॅटऱ्या जास्त विकतात.

त्यांच्याकडे हातात धरायचं नवं मशिनही आहे. ते बॅटरीवर भार न टाकता आतला रोध मोजून सीसीए किती उरला याचा अंदाज चिठ्ठीवर छापून देतं. पण शंका आली की ते जुनं, जड लोड टेस्टर काढतात. सीसीएच्या निम्मा करंट १५ सेकंद ओढायचा आणि काटा बघायचा. बॅटरी खोलीच्या तापमानाला असेल तर व्होल्टेज ९.६च्या वर राहायला हवा. टेस्टर तापून वास सुटतो, काटा थरथरतो, आणि त्या पंधरा सेकंदांत ते दुसरं काही बोलत नाहीत.

आता निवड. माझी गाडी जुनी सिव्हिक, तिला लागते ५१आर या गटाची बॅटरी. गट म्हणजे डब्याची लांबी-रुंदी-उंची आणि टर्मिनलांची जागा. ५१ आणि ५१आर मापाने सारख्याच, फक्त धन आणि ऋण टर्मिनलांची अदलाबदल. चुकून दुसरी उचलली तर केबल पोचत नाही, आणि कुणी ताणून पोचवलीच तर उलटं जोडण्याचा धोका. गट ठरला की सीसीए: कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी कधीच नाही, थोडा जास्त चालेल. खूप जास्त घेण्याचा सोस मात्र मला पटत नाही. तेवढ्याच डब्यात जास्त सीसीए बसवायचा तर पातळ प्लेटा जास्त संख्येने घालाव्या लागतात, आणि पातळ प्लेटा लवकर झिजतात.

तिसरी गोष्ट तारीख, आणि नेमकी तीच लोक बघत नाहीत. अनेक बॅटऱ्यांवर एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, आणि आकडा वर्षाचा. फळीवर पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत असते, प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. त्यामुळे सहा महिने पडून असलेल्या भारी बॅटरीपेक्षा मी गेल्या महिन्यातली साधी बॅटरी घेईन.

मग प्रश्न येतो एजीएमचा. यात अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, ते सांडत नाही. ती चार्ज लवकर घेते आणि वरचेवर उतरणं जास्त सोसते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाडीला तीच किंवा त्या कामासाठीच बनवलेली बॅटरी लागते. तिथे साधी बसवणं म्हणजे पैसे वाचवून पैसे घालवणं. पण ती बरीच महाग, आणि माझ्या सिव्हिकसारख्या साध्या गाडीला तिची सक्ती नाही. उरलेल्या पैशांत एक चांगला चार्जर आणि बॅटरीभोवती गुंडाळायचं विजेचं ब्लँकेट घ्यावं, असं माझं मत. हायब्रिडवाल्यांचा हिशेब निराळा. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत इंजिन मोठ्या बॅटरीवर फिरतं, बारा व्होल्टची छोटी बॅटरी फक्त कॉम्प्युटर जागे करते. पण ती बसली तर एवढी महागडी गाडी ढिम्म उभी राहते.

बदलायचं काम फार तर अर्ध्या तासाचं. दहा नंबरचा पाना, आधी ऋण टर्मिनल सोडायचं, लावताना ते शेवटी. पाना धन टर्मिनलवर असताना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात, त्यासाठी हा क्रम. केबलच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची. काही नव्या गाड्यांना बॅटरी बदलल्याचं कॉम्प्युटरमधून कळवावंही लागतं, नाहीतर त्या जुनीच समजून चार्ज करत राहतात.

यानंतरचं सगळं चार्जवर अवलंबून आहे, आणि इथे लोक सीसीएच्या आकड्यावर विसंबून राहतात. भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड उणे पन्नासलाही गोठत नाही. अर्धी उतरलेली बॅटरी उणे पंचविसाच्या आसपास गोठते आणि पूर्ण उतरलेली उणे दहाच्या आधीच. म्हणजे अर्धी उतरलेली आठशे सीसीएची बॅटरीसुद्धा विनिपेगमध्ये एका रात्रीत बर्फाचा गोळा होऊ शकते. दहा मिनिटांवरचं ऑफिस, त्यात हीटरचा पंखा, सीटची ऊब, मागच्या काचेच्या तारा, दिवे. गारठलेली बॅटरी आधीच चार्ज हळू घेते, त्यामुळे सेल्फने खर्च केलेलं एवढ्याशा फेरीत भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा लांब फेरी मारावी, नाहीतर रात्रभर चार्जर लावावा. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला जंप देऊ नये, ती फुटते.

बॅटरीने चार वर्षं ओलांडली असतील तर ती ऑक्टोबरातच तपासून घ्या, डिसेंबरातल्या रांगेत उभे राहू नका. आणि जुनी बॅटरी दुकानात परत न्यायला विसरू नका: बिलात ‘कोअर’ म्हणून लावलेली अनामत ती दिल्यावरच परत मिळते, आणि तिच्यातलं शिसं वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत वापरलं जातं.