गोष्ट विसरते, चित्र राहतं

मैत्रिणींनो, दुपारी भाजी निवडता निवडता एक गंमत करून बघा. तुमच्या आवडत्या सिनेमाची गोष्ट अगदी पहिल्यापासून मनातल्या मनात सांगायला लागा. मध्यंतरापर्यंत कशाबशा पोचाल! पुढं कोण कुणाचा भाऊ निघाला, ते पत्र कुणी लपवलं होतं, सगळा गोंधळ. पण त्याच सिनेमातलं एखादं चित्र मात्र डोळ्यांपुढं लख्ख उभं राहील. कुणाचा तरी पदर, कुणाची पाठमोरी चाल. असं का बरं होत असेल?

मला वाटतं, आपण बायकांनी सिनेमा सलग असा पाहिलाच कधी? मांडीवरचं पोर रडलं की उठा, घरी सासूबाईंच्या औषधाची वेळ झाली की निघा. तीन तासांच्या सिनेमातला दीड तास वाट्याला आला तरी पुष्कळ. मग हाती लागलं तेवढं आपण जपून ठेवलं, डब्यातल्या चार लवंगांसारखं.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं अलोरे तुम्हांला ठाऊक आहे का? चिपळूण तालुक्यातलं, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडचं हे गाव. कोयनेच्या वीजप्रकल्पामुळं इथं वसाहत उभी राहिली. कोणी घाटावरून आलेलं, कोणी कोकणातलंच. प्रकल्पांच्या वसाहतींत आणि गावोगावच्या जत्रांत त्या काळी मैदानात पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत. समोर जागा मिळाली नाही की लोक पडद्याच्या मागं जाऊन बसत. तिथून चित्र दिसायचं, पण उलटं! नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर आणि नायक डाव्या हातानं पत्र लिहितोय. तरी रडायचं तिथं सगळ्या बरोबर रडत. चित्र मनात शिरायचं असलं की ते कुठूनही शिरतं, हेच खरं.

तर आज आपण आवडत्या सिनेमांची अशीच एकेक चित्रं काढून बघू. गोष्ट सांगायची नाही हं!

सुरुवात घरच्याच माणसापासून करू. साने गुरुजी आपल्या जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्यांच्या पुस्तकावरून आचार्य अत्र्यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ काढला. राष्ट्रीय पारितोषिकं सुरू झाली, तेव्हा पहिलं सुवर्णपदक मिळालं ते या मराठी सिनेमाला. वनमाला आई झाल्या होत्या आणि माधव वझे छोटा श्याम. त्यातलं माझं चित्र म्हणजे दगडावर पसरलेला पदर. न्हाऊन झालेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई आपला ओला पदर अंथरते. पायांना जसं जपतोस तसं मनालाही जप, हे ती त्याला मागाहून सांगते. पण तिचं बोलणं कानांत शिरायच्या आधी तो पदरच सगळं सांगून जातो. आपणही पोरांना उपदेश कमी करून कधी नुसता पदर पसरावा, असं वाटतं ना?

दुसरं चित्र रागाचं. ‘संत तुकाराम’, प्रभातचा, १९३६ सालचा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं आणि विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम घरोघरी पोचला. पण बायकांना विचाराल तर त्यांच्या लक्षात राहते ती गौरीबाईंची जिजाई. घरात लेकरू आजारी, डब्यात दाणा नाही आणि नवरा भजनात! ती तरातरा देवळात जाते, विठोबापुढं उभी राहते आणि पायातली वहाण हातात घेते. अहो, देवावर वहाण उगारलेली बाई! तरी एकाही प्रेक्षकाला तो देवाचा अपमान वाटला नाही. संसाराचं ओझं जिच्या डोक्यावर आहे, तिचा देवाशी भांडण्याचा हक्क सगळ्यांनी मान्यच केला.

त्याच्या पुढच्याच वर्षी आला शांतारामबापूंचा ‘कुंकू’. कोवळ्या नीराला फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेलं असतं. शांता आपटेंची नीरा रडत बसत नाही, ती हे लग्न मानायलाच नकार देते. १९३७ सालातली गोष्ट ही! चित्र कुठलं म्हणाल, तर आरशाचं. आरसा फुटतो आणि तुकड्यातुकड्यांतून त्या म्हाताऱ्याला त्याचाच चेहरा दिसतो. केशवराव दात्यांनी तिथं असं काम केलंय की त्याचा राग येता येता कीवही येते.

नुसतं गंभीरच कशाला? १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. भाड्याच्या खोलीसाठी लक्ष्मीकांत बेर्डे ‘पार्वती’ झालेला, आणि त्या पार्वतीचं चक्क डोहाळजेवण! भोवती सगळ्या बायका कौतुक करतायत आणि मधोमध ही नटून बसलेली. ते आठवून आजही हातातली लाटणी थांबते. आपल्याच समारंभाकडं बाहेरून पाहिलं की तो किती गमतीदार दिसतो, हे त्या एका चित्रानं दाखवलं.

‘उंबरठा’ मात्र हसू देत नाही. जब्बार पटेलांचा, १९८२ चा. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून निघते आणि शेवटी तिचा चेहरा दिसतो तो आगगाडीत. या चित्रावरून किती घरांत वाद झाले असतील! कुणी म्हणालं, पोर टाकून जाणं शोभतं का? कुणी काहीच बोललं नाही, नुसतं खिडकीबाहेर पाहिलं. न बोलणाऱ्या बायकांच्या मनात ती गाडी अजून चालत असेल.

आणि शेवटचं पुन्हा आपल्या कोकणातलं. संदीप सावंतांचा ‘श्वास’. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीला ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी पुन्हा मिळाला, तो या सिनेमामुळं. डोळ्यांच्या कर्करोगापासून नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, हे आजोबांना ठाऊक असतं. अरुण नलावडे आजोबा, अश्विन चितळे परशुराम. शेवटी होडीतून दोघं घरी येतात. पोराच्या डोळ्यांवर काळा चष्मा. त्याला काही दिसत नाही, पण ओळखीचे आवाज कानावर येतात आणि तो आनंदानं हाका मारतो. पाहणाऱ्यांनाच पुढचं दिसेनासं होतं.

बघा, पदर, वहाण, आरसा, आगगाडी, होडी. यांत राजवाडा नाही की दागिना नाही. सगळ्या आपल्या रोजच्या वस्तू, पण प्रत्येकीत एकेका बाईचं किंवा लेकराचं आयुष्य मावलंय.

आता एक सुचवू? पुढच्या हळदीकुंकवाला किंवा भिशीला हा खेळ ठेवा. प्रत्येकीनं एका सिनेमातलं एकच चित्र एका वाक्यात सांगायचं. नटनटीचं नाव नाही, गाणं नाही, गोष्ट नाही. बाकीच्यांनी सिनेमा ओळखायचा. खर्च शून्य, आणि वेळ कसा जातो ते कळतही नाही. एकाच सिनेमातली दोघींची दोन वेगळी चित्रं निघाली, की खरी मजा. मग ‘तुला हेच का गं आठवलं?’ असं जरूर विचारा.

पण त्याआधी घरातल्या थोरल्या बाईला विचारा, आईला, सासूबाईंना, आत्याला. सुरुवातीला ‘आम्हांला कुठलं बाई आठवतंय’ म्हणतील. घाई करू नका, शेंगा सोलत बसा. हळूच एखादं चित्र निघेल, आणि त्याच्या मागून त्यांनी कधीच कुणाला न सांगितलेली एखादी गोष्ट. एरवी ‘तुमच्या मनात काय होतं?’ असं आपण त्यांना कुठं विचारतो? सिनेमाच्या निमित्तानं ते विचारता येतं. निघालेलं चित्र पाककृतींच्या वहीच्या मागच्या पानावर, त्यांचं नाव घालून लिहून ठेवा. सिनेमे पुन्हा पाहायला मिळतील हो. सासूबाईंच्या मनातलं चित्र मात्र त्यांना विचारलं तरच मिळेल.