मत्ताविभाजन, चिनी व जागतिक बाजारांतील
गुंतवणूकदाराजवळील निधी शेअर, कर्जरोखे, स्थावर, सोने व रोकड यांत कोणत्या प्रमाणात ठेवावा, हे ठरविण्याच्या प्रक्रियेस मत्ताविभाजन म्हणतात. मोठ्या बँका व गुंतवणूकसंस्था वर्षाच्या अखेरीस पुढील वर्षाचे अंदाज प्रसिद्ध करतात व प्रत्येक मत्तेचा वाटा वाढवावा की घटवावा, याची शिफारस करतात. या विचारास शास्त्रीय पाया हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये घातला. निरनिराळ्या मत्तांचे भाव एकाच वेळी एकाच दिशेने बदलत नसतील, तर त्यांच्या मिश्रणाने एकूण जोखीम घटते, असे त्यांनी दाखविले.

मात्र भावांमधील हा परस्परसंबंध कायम टिकत नाही. २०२२ मध्ये चलनवाढ रोखण्यासाठी अमेरिकेत व्याजाचे दर झपाट्याने वाढविण्यात आले, तेव्हा शेअर व कर्जरोखे दोन्ही घसरले. साठ टक्के शेअर व चाळीस टक्के रोखे ही रूढ विभागणी त्या वर्षी निरुपयोगी ठरली. चीनमध्ये चलनवाढ अत्यल्प राहिली व व्याजाचे दर उतरत गेले; दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांवरील प्राप्ती डिसेंबर २०२४ मध्ये प्रथमच २ टक्क्यांखाली आली.

चिनी कुटुंबांची अडचण वेगळीच आहे. तेथील मध्यवर्ती बँकेच्या २०१९ मधील पाहणीनुसार शहरी कुटुंबांच्या एकूण मत्तेत घरांचा वाटा सु. ५९ टक्के होता. परदेशी चलन खरेदीची मर्यादा दरडोई वर्षास ५०,००० डॉलर असून त्यातून परदेशात घर वा शेअर घेण्यास मनाई आहे. मान्यताप्राप्त निधी अथवा हाँगकाँगशी जोडलेली शेअरखरेदीची व्यवस्था एवढेच मार्ग उरतात. त्यामुळे २०२० मध्ये बांधकाम कंपन्यांच्या कर्जांवर निर्बंध आले आणि पुढे ‘एव्हरग्रांड’ ही कंपनी २०२१ मध्ये देणी चुकविण्यास असमर्थ ठरली, तेव्हा घरांच्या घसरत्या किमतींचा भार बव्हंशी बचतदारांवर पडला. अनेकांनी तर घर बांधून होण्यापूर्वीच पैसे भरले होते.

अंदाजांची विश्वसनीयता बेताचीच असते. साथीचे निर्बंध उठल्यावर २०२३ मध्ये चिनी शेअर वधारतील, असे अनेक संस्थांनी म्हटले होते. प्रत्यक्षात शांघाय व शेन्झेन येथील ३०० प्रमुख शेअरांचा निर्देशांक त्या वर्षी सु. ११ टक्क्यांनी उतरला. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने उत्तेजक उपाय जाहीर करताच तो काही दिवसांतच उसळला. अशा धोरणबदलाची वेळ कोणत्याही वार्षिक अंदाजात आधी सापडत नाही.