रूफस-शिला : लेखाचा काळ व घटनेचा काळ

इंग्लंडांत हॅम्पशायर परगण्यांत ‘न्यू फॉरेस्ट’ नांवाचें अरण्य आहे. नांव नवें असलें तरी अरण्य जुनेंच; पहिल्या विल्यम राजानें इ. स. १०७९ च्या सुमारास तें मृगयेसाठीं राखून ठेविलें. त्याच अरण्यांत ता. २ ऑगस्ट ११०० रोजीं त्याचा पुत्र दुसरा विल्यम ऊर्फ रूफस हा शिकारींत बाण लागून मरण पावला. मिन्स्टेड गांवाजवळील ‘रूफस-शिला’ हें त्या घटनेचें स्मारक होय.

मूळ दगड लॉर्ड डेलावेअर यानें १७४५ त उभारला. पुढें त्याची व वरील अक्षरांची फार नासधूस झाल्यामुळें १८४१ त अरण्याधिकारी स्टर्जेस बोर्न यानें त्यावर ओतीव लोखंडाचें आवरण चढवून मूळ मजकूर पुन्हां उमटविला. तेव्हां पाहणारास दिसतो तो अस्सल लेख नव्हे, त्याची नक्कल आहे.

लेखाचा आशय असा : येथें एक ओक वृक्ष होता, सर वॉल्टर टिरेल यानें हरणावर सोडलेला बाण त्यावरून उसळून राजाच्या छातींत शिरला, पर्किस नांवाच्या इसमाच्या गाडींतून प्रेत विंचेस्टरास नेलें.

आतां जुनीं साधनें पाहूं. समकालीन अँग्लो-सॅक्सन बखरींत राजास त्याच्याच एका माणसाचा बाण लागला, इतकेंच आहे. मारणाराचें नांव नाहीं, वृक्षही नाहीं. टिरेलचें नांव माम्सबरीचा विल्यम सुमारें ११२५ त देतो. प्रेत खेडुतांनीं गाडींतून नेल्याचें तो सांगतो, परंतु पर्किसचें नांव घेत नाहीं. स्थळाविषयींही एकवाक्यता नाहीं. सोळाव्या शतकांत लेलँड हा थरोहॅम हें निराळेंच ठिकाण सांगतो. डेलावेअरनें स्वतः वृक्ष पाहिला होता, असें लेख म्हणतो. परंतु त्यानें वृक्ष पाहिला, घटना नव्हे. मध्यें सहा शतकांहून अधिक अंतर आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट लेखांत मुळींच नाहीं. त्या दिवशीं अरण्याच्या त्या भागांत आपण नव्हतों, असें टिरेलनें शपथपूर्वक सांगितल्याचें फ्रान्समधील मठाधिपति सुजे यानें लिहून ठेविलें आहे. आरोप लोखंडांत ओतला गेला, शपथ मात्र ग्रंथांत राहिली.

आमच्या मतें १७४५ सालीं लोक काय मानीत होते, याचा हा लेख अव्वल पुरावा आहे. ११०० सालच्या घटनेस तो केवळ दंतकथेचा आधार होय. शिळेवरील लेख टिकाऊ असतो म्हणून तो समकालीन ठरत नाहीं. संग्राहकांनीं कोणत्याही लेखाचा ठसा घेतांना घटनेच्या सालाशेजारीं लेखाचें सालही अवश्य नोंदवावें.