असाध्य रोग्यांची निवडणूक

लंडनच्या नैर्ऋत्य भागात वेस्ट हिल नावाचा एक चढ आहे. पोर्टस्मथच्या रस्त्याची वाहनं इथून दिवसभर घरघरत वर जातात. त्या वर्दळीत तिथल्या मोठ्या रुग्णालयाकडे वाटसरूचं सहसा लक्ष जात नाही. ‘रॉयल हॉस्पिटल फॉर न्यूरो-डिसॅबिलिटी’ ही त्याची आजची पाटी. मेंदूला जबर इजा झालेले, हंटिंग्टनसारख्या आजारानं परावलंबी होत गेलेले रुग्ण इथे असतात. पण एखाद्या इंग्रज घरातल्या खापरपणजीच्या मृत्यूच्या दाखल्यावर हीच जागा निघाली, तर तिथे नाव वेगळं असतं: ‘हॉस्पिटल फॉर इन्क्युरेबल्स’, असाध्य रोग्यांचं रुग्णालय. दाखला हातात घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती हीच, की म्हातारीला घरच्यांनी तिथे टाकून दिलं होतं की काय?

टाकून देण्याइतकं ते सोपं नव्हतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथे खाट मिळवायची तर निवडून यावं लागे. रीतसर मतं मिळवून.

संस्था काढली १८५४ साली अँड्र्यू रीड यांनी. घड्याळजीचा मुलगा, पुढे धर्मोपदेशक झालेला. संस्था काढण्याचा या गृहस्थाला नादच होता. अनाथ मुलांसाठी एक, त्याहून लहानग्यांसाठी दुसरी, मतिमंदांसाठी आणखी एक, असं करत करत साठी उलटल्यावर ते असाध्य रोग्यांकडे वळले. त्यांना जागाच नव्हती. देणग्यांवर चालणारी मोठी रुग्णालयं बरा होईल असाच रोगी पसंत करत. किती जण बरे होऊन घरी गेले हा आकडा देणगीदारांना दाखवायचा असे, आणि वर्षानुवर्षं खाट अडवून बसणारा माणूस त्या हिशेबात बसत नसे. मग उरे ते वर्कहाउस. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यानंतर या निराधारगृहांचा धाक असा होता, की घरंदाज गरीब त्यांच्या दारात जाण्यापेक्षा उपाशी राहणं पत्करत.

सुरुवात झाली कार्शल्टनला, एका जुन्या वर्कहाउसच्याच इमारतीत. १८५७ मध्ये बिऱ्हाड पुटनीला आलं आणि १८६३ मध्ये तिथल्याच वेस्ट हिलवरचा मेलरोज हॉल संस्थेनं घेतला. श्रीमंतांचा हा वाडा, त्याच्या बागेची आखणी हम्फ्री रेप्टन या नामांकित उद्यानकारानं केलेली. निधी उभारण्यासाठी मेजवान्या होत. चार्ल्स डिकन्सही अशा मेजवानीत बोलून गेला.

आता त्या निवडणुकीबद्दल. वर्षाला अर्धा गिनी, म्हणजे साडेदहा शिलिंग वर्गणी भरली की एका मताचा हक्क मिळे. वर्गणी जास्त तितकी मतं जास्त. जागा मोजक्या, उमेदवार कितीतरी अधिक. त्यामुळे संधिवातानं बोटं वाकडी झालेली एखादी शिक्षिका किंवा कंबरेखाली लुळा पडलेला कारकून, यांच्या वतीनं नातलग आणि ओळखीपाळखीचे लोक प्रचाराला लागत. छोटी पत्रकं छापली जात: नाव, वय, आजार, किती वर्षं अंथरुणाला खिळून, पूर्वी काय काम करत, कुणाकुणाची शिफारस, आणि मतं कुठे पाठवावीत तो पत्ता. वर्तमानपत्रात जाहिराती येत. अशा मतदानाच्या संस्था त्या काळी बऱ्याच होत्या आणि त्यांच्यात मतांची अदलाबदलही चाले. तुमची अनाथाश्रमातली मतं आमच्या पोराला द्या, आमची पुटनीची तुमच्या मावशीला देतो! ज्याच्यामागे माणसं नाहीत तो मागेच राही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या पद्धतीवर सडकून टीका केली होती आणि १८७० च्या दशकात ती बंद करण्यासाठी चळवळही झाली. मला स्वतःला ती पद्धत किळसवाणी वाटते. आपलं दुखणं छापून चार अनोळखी घरी वाटायचं, वर वाट पाहायची.

पण वंशज शोधायला निघतो तेव्हा हीच किळसवाणी पत्रकं त्याच्या उपयोगी पडतात. वर्कहाउसच्या दवाखान्यात गेलेल्या बाईचं आयुष्य नोंदवहीच्या एका ओळीत संपतं. पुटनीला निवडणूक लढवलेल्या बाईबद्दल मात्र छापील मजकूर सापडू शकतो, अगदी ती हरली असली तरी.

शोधाची सुरुवात अर्थात दाखल्यापासून. आपल्याकडे पिढ्यांचा माग काढणारा त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वह्या उघडायला लावतो. इंग्लंडात १८३७ पासूनच्या सरकारी जन्ममृत्यू नोंदी आहेत. त्यांच्या सूचीत मात्र फक्त जिल्हा दिसतो, ‘वाँड्सवर्थ’. आणि इथे घाई केली की फसगत होते. १८६१ मध्ये निघालेलं ‘ब्रिटिश होम फॉर इन्क्युरेबल्स’ आधी क्लॅपमला आणि १८९४ पासून स्ट्रेटमला, म्हणजे त्याच वाँड्सवर्थ जिल्ह्यात. शिवाय वर्कहाउसचा दवाखाना वेगळाच. सूचीवर न थांबता मूळ दाखला मागवावा.

दाखल्यावर मृत्यूचं कारण असतं आणि पुष्कळदा आजार किती वर्षांचा तेही. अविवाहित बाईच्या बाबतीत व्यवसायाच्या रकान्यात बहुधा तिच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहिलेला आढळतो. बाईच्या स्वतःच्या कामाची दखल नाही याचा राग येतो खरा, पण एका रकान्यात एक पिढी मागे जाता येतं. मग दर दहा वर्षांची जनगणना. नात्याच्या रकान्यात ‘रुग्ण’, आणि पलीकडे जन्मगाव. १८७१, १८८१, १८९१ अशा तिन्ही वेळी एकच नाव त्याच छपराखाली सापडणं इथे अशक्य नाही. माणसं या घरात दशकं काढत. वेडसर, मतिमंद आणि संसर्गजन्य रोगी यांना प्रवेश नव्हता. येणारे बहुतेक मध्यमवर्गाच्या खालच्या पायरीवरचे: खाजगी शिक्षिका, शिवणकाम करणाऱ्या, दुकानदार, कारकून. त्यांतही बायका जास्त.

आणखी एक खाचखळगा. संस्था सगळ्यांनाच आत ठेवत नसे. काहींना वर्षाला २० पौंड पेन्शन देऊन घरीच राहू दिलं जाई. म्हणजे ‘पुटनीच्या संस्थेची’ म्हणून घरात सांगितली जाणारी मावशी पुटनीत कधी पाऊलही न ठेवता बर्मिंगहॅमच्या भाड्याच्या खोलीत वारलेली असू शकते.

ज्यांना कुणी बरं करू शकत नव्हतं त्यांच्यासाठी काढलेल्या या घरानं पुढे वैद्यकालाच एक धडा दिला. १९९६ मध्ये कीथ अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इथल्या ४० रुग्णांचा अभ्यास छापला. जाणीव पूर्ण हरपली आहे असं सांगून हे रुग्ण पुटनीला पाठवले होते. त्यांतल्या १७ जणांना जाणीव होती. बहुतेकांची दृष्टी गेलेली किंवा फार अधू, शरीर जवळजवळ निश्चल. त्यामुळे बोट दाखवा, इकडे पाहा, असल्या परीक्षांत ते नापास झाले होते. बझरचं बटण हाताशी दिलं, नजरेच्या खुणा धीरानं पाहिल्या, तेव्हा ते उत्तरं देऊ लागले.

पाहायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. हे चालू रुग्णालय आहे, सहज आत शिरून फिरण्याची जागा नाही. पूर्वजाच्या चौकशीसाठी आधी पत्र लिहावं, आणि अलीकडच्या रुग्णांचे कागद बाहेरच्यांना पाहता येत नाहीत हेही गृहीत धरावं. थडगं शोधायचं असेल तर पुटनीत दोन दफनभूमी आहेत: १८५५ ची लोअर कॉमनवरची आणि १८९१ ची पुटनी व्हेल. मृत्यूचं साल पाहून कुठून सुरुवात करायची ते ठरवावं. अर्थात घरच्यांनी देह गावी नेला असेल, तर दाखल्यावरचं वडिलांचं नाव घेऊन त्या गावच्या चर्चची वही गाठायची.