भरतीची तयारी आणि झोप

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी परीक्षा १०० गुणांची. त्यामुळे मुले-मुली पहाटे मैदानावर आणि दिवसभर अभ्यासिकेत दिसतात. चांगलेच आहे. पण या दोहोंत झोप मारली जाते. रात्री एकपर्यंत वाचन, चारला उठून उपाशीपोटी धावणे! वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत, स्नायूंची झीजही बरीचशी झोपेतच भरून निघते. तीन तास झोपणारा दोन्हीकडे गुण घालवतो. निदान सात तास झोपा. धावण्यापूर्वी एखादे केळे खा.

नडगी दुखू लागली, तर धावणे थोडे दिवस थांबवून सायकल चालवा. एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते, डॉक्टरांना दाखवा. काही जण चाचणीच्या आदल्या दिवशी ‘दुखणे थांबवणारे इंजेक्शन द्या’ म्हणून येतात. मी देत नाही. कळ दबते, चीर वाढते.

मुलींनो, सराव करूनही धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ च्या खाली असेल, तर नुसत्या सरावाने दम वाढत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नियमित घ्या, मात्र चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालतील.