मंगळवेढ्याचे गावकूस

कार्तिकी एकादशीस पंढरीकडे निघालेल्या भाविकाचे चित्त चंद्रभागेच्या वाळवंटाकडे लागलेले असते. तरीही पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरांवर वसलेल्या मंगळवेढ्यास त्याने अगोदर वंदन करावे, असे आम्हांस वाटते. दुतर्फा काळीभोर जमीन आणि तीत डोलणारी कोवळी मालदांडी ज्वारी पाहत आपण गावात शिरतो. येथील ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. पण या गावाचे खरे पीक संतांचे!

बाराव्या शतकात ही कलचुरींची राजधानी होती. महात्मा बसवेश्वरांनी बिज्जल राजाच्या सेवेत येथेच काही काळ घालविला. अक्कलकोटास जाण्यापूर्वी श्रीस्वामी समर्थांचे वास्तव्यही याच भूमीत होते. जुना किल्ला, काशीविश्वेश्वर आणि दामाजीपंतांचे मंदिर पाहत हिंडताना पावलोपावली कोणा ना कोणा सत्पुरुषाचे स्मरण होते.

परंतु आमचे मन गुंतले ते गावकुसाच्या कथेत. चोखोबा जातीने महार. पंढरीच्या देवळाची पायरी ओलांडण्याची त्यांस मुभा नव्हती. मंगळवेढ्याच्या कुसवाचे काम चालू असता ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गाडले गेले. ते साल १३३८ असे मानतात. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम उमटले, त्या चोखोबांच्या, अशी खूण पटवून नामदेवरायांनी त्या पंढरीस नेल्या, असे परंपरा सांगते. महाद्वारी त्यांची समाधी झाली.

पुढे पंधराव्या शतकात याच गावी दुष्काळ पडला. बेदरच्या बादशहाचे अधिकारी दामाजीपंत यांनी भुकेल्यांसाठी सरकारी कोठारे खुली केली. अपराध मोठा, शिक्षा प्राणांतिक. तेव्हा धान्याचे मोल घेऊन दरबारी गेला तो विठू महार! भक्ताच्या रक्षणार्थ भगवंताने नेमके तेच रूप घ्यावे, ज्यास देवळात थारा नव्हता, याहून मोठा उपदेश कोणता?

गणिकेच्या पोटी जन्मलेली कान्होपात्राही इथलीच. बादशहाचे बोलावणे येताच तिने विठ्ठलचरणी देह ठेवला. मंदिराच्या आवारातील तरटीचे झाड आजही तिची आठवण देते.

मंत्री, अधिकारी, महार आणि गणिकेची लेक असे हे मंगळवेढ्याचे संतकुटुंब. त्यांतील एकीस राउळात विसावा मिळाला, एकास पायरीबाहेर. चोखोबांच्या ज्ञातिबांधवांसाठी ते दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. मधे सहाशे वर्षे लोटली होती!

वाचकहो, यंदा महाद्वारी पोहोचल्यावर प्रथम चोखोबांच्या समाधीपुढे मस्तक टेकावे. आणि घरी परतल्यावर, आपल्या मनातील एखादे कुसू अजून उभे तर नाही ना, हेही एकवार पाहावे. विठूराया त्याच कुसवाबाहेर तिष्ठत असेल.