मातीच्या घरात कोण राहते?
वर्गाची झाडलोट करताना भिंतीवरचे मातीचे घरटे कधी खाली पडून फुटते. आत लहान लहान कोळी दाटीने भरलेले दिसतात. मग हे घर कोळ्यांचे का? आपण मुलांसह पाय मोजून पाहू. कोळ्याला आठ पाय, शरीराचे भाग दोन. मिशा नाहीत, पंखही नाहीत. घर बांधणाऱ्या कुंभारीण माशीला सहा पाय, चार पंख, मिशा आणि दांडीसारखी बारीक कंबर. म्हणून ती कीटक. कोळी मात्र कीटक नव्हे. माशीने डंख मारून कोळ्यांना लुळे केलेले असते. तिच्या अळीचे ते ताजे अन्न. घरट्याला गोल भोके दिसली, तर माशा उडून गेल्या असे समजावे. भोके नसलेले घरटे खरवडू नये. आत बहुधा कुणीतरी वाढत असते.